घाटमाथा ते खाडी : कुंडलिकेवरील नदीसहलीच्या अभ्यासाची प्रस्तावना

नदीसहलीचे नियोजन हा विषय मराठीत आजवर प्रवासवर्णनांच्या आणि पर्यटन-पुस्तिकांच्या कडेकडेने येत राहिला आहे. कोठे उतरावे, काय खावे, गाडी कोठवर जाते याची माहिती विपुल मिळते. परंतु ज्या पाण्यात उतरायचे ते पाणी कोठून येते, केव्हा वाढते, कोणाच्या हुकमाने सुटते आणि केव्हा उलटे फिरते, हे प्रश्न बहुतेक वेळा विचारलेच जात नाहीत. डोहात पोहणे, धबधब्याखाली उभे राहणे आणि रबरी राफ्टमधून खळाळत्या पाण्यातून जाणे या तिन्ही गोष्टींचा आनंद आणि त्यांतील धोका या प्रश्नांच्या उत्तरांवरच अवलंबून असतो. प्रस्तुत ग्रंथ तेथूनच सुरुवात करतो आणि त्यासाठी रायगड जिल्ह्यातील कुंडलिका ही एकच नदी घेऊन तिचा घाटमाथ्यापासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत मागोवा घेतो.

या अभ्यासाचे ठाणे म्हणून अष्टमीची निवड झाली आहे, आणि तिला कारण आहे. रोहे आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या समोरासमोरच्या काठांवरची जोडगावे असून दोहोंची नगरपरिषद एकच आहे. पश्चिमेकडून येणारी भरती याच परिसरापर्यंत चढते, तर पूर्वेकडून सह्याद्रीचे गोडे पाणी येथवर येऊन खाडीत मिसळू लागते. मालाची ने-आण होड्यांतून होत असे त्या काळात भरतीच्या पाण्यावर गलबते वर आणायची आणि ओहोटीबरोबर खाली न्यायची, हा येथील व्यापाराचा क्रम होता. घाटाखालचा माल आणि समुद्राकडचा माल यांची गाठ रोहे-अष्टमीला पडे. आज तो व्यापार उरलेला नाही, मात्र नदीचे दोन स्वभाव जेथे भेटतात ती जागा बदललेली नाही, त्यामुळे नदी समजून घेऊ पाहणाऱ्याला अष्टमीच्या काठावर उभे राहून दोन्ही दिशांना पाहणे सोयीचे पडते.

ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन असे आहे की कुंडलिका ही नकाशावर एक नदी असली तरी सहलीच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या नद्या आहेत आणि प्रत्येकीचे वेळापत्रक निराळे आहे. ताम्हिणी आणि देवकुंडाच्या परिसरातील पाणी पावसाच्या हुकमाने चालते. भिऱ्यापासून कोलाडपर्यंतचे पाणी वीजनिर्मितीच्या हुकमाने चालते. रोहे-अष्टमीपासून खालचे पाणी तिथीच्या, म्हणजे चंद्राच्या हुकमाने चालते. सहलीचे नियोजन म्हणजे प्राधान्याने ही तीन वेळापत्रके वाचता येणे. मुक्काम आणि वाहन यांची व्यवस्था त्यानंतरची आहे.

नदीकडे जाण्याच्या परंपरा मात्र या प्रतिपादनाहून पुष्कळ जुन्या आहेत आणि त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय आजचा प्रकार नीट कळत नाही. सर्वांत जुनी धारा स्नान आणि यात्रेची आहे. नाशिकचा सिंहस्थ, पंढरपूरची चंद्रभागा, नर्मदेची परिक्रमा या सर्वांत नदी ही भेटीला जाण्याची गोष्ट आहे, आणि मराठी वाङ्मयात काका कालेलकरांनी व गो. नी. दांडेकरांनी नदीविषयी जे लिहिले त्यामागे हीच श्रद्धायुक्त भटकंती आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थांचा विस्ताराने अभ्यास केला आणि नदीचे स्त्रीरूप, माहेर-सासरच्या कल्पना व पाण्यातील देवता यांची संगती दाखवून दिली. या देवतांपैकी सात आसरा प्रस्तुत विषयाशी अगदी निगडित आहेत. खोल डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात तांदळे दिसतात; तेथे एकट्याने उतरू नये, तिन्हीसांजेला उतरू नये, कोणी बुडाले तर आसरांनी ओढून नेले, असे गावकरी सांगतात. या समजुतीचा उगम काहीही असो, ज्या जागी ती सांगितली जाते ती जागा पोहण्यास खरोखर बिकट असण्याचा संभव मोठा असतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपघातांची आठवण तिच्यात साठलेली असते. नवख्या माणसाने तिचा आदर करावा, असे या ग्रंथाचे स्पष्ट मत आहे.

दुसरी धारा गावातल्या पोहण्याची आहे. तिला कोणी साहस म्हटले नाही. पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत नाहीतर डोहात मूल सोडायचे आणि थोरल्याने काठावरून लक्ष ठेवायचे, या पद्धतीने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या. डोहाचा तळ कोठे कातळाचा आणि कोठे गाळाचा, कोणत्या खडकाखाली पोकळी आहे, पावसानंतर कोणत्या महिन्यात पाणी निवळते, हे ज्ञान त्या शिकण्याबरोबरच मिळे. ब्रिटनमध्ये रॉजर डीकिन यांच्या १९९९ सालच्या पुस्तकानंतर नद्या-तळ्यांत मोकळे पोहण्याची जी चळवळ फोफावली, ती तरणतलावांना सरावलेल्या समाजाने मोकळ्या पाण्याकडे परत फिरण्याची चळवळ होती. कोकणात घडले ते उलट दिशेने: मोकळ्या पाण्याला सरावलेली माणसे शहरांत गेली आणि त्यांची मुले तरणतलावात शिकून, किंवा मुळीच न शिकता, त्याच डोहांकडे पर्यटक म्हणून येऊ लागली. तरणतलावात पाणी स्थिर, तळ ठाऊक आणि कड हाताशी असते. नदीत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

तिसरी धारा संघटित साहसाची आहे. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८६९ साली लाकडी होड्यांतून कोलोरॅडो नदीचा प्रवास केला, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी रबरी होड्या नागरी वापरात आल्या, आणि त्यांतून पैसे घेऊन लोकांना खळाळांतून नेण्याचा व्यवसाय उभा राहिला. भारतात एडमंड हिलरी यांच्या १९७७ सालच्या गंगा मोहिमेने नदीप्रवासाकडे लक्ष वेधले आणि पुढे ऋषिकेश हे राफ्टिंगचे मुख्य केंद्र झाले. महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांनी दोरावरून धबधबा उतरण्याचा प्रकार रुजवला, तर कोलाडने राफ्टिंग मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणले. ही धारा सर्वांत नवी असून तिच्याजवळ उपकरणे आणि नियम आहेत, परंतु स्थळाची स्मृती तिला गावाकडूनच घ्यावी लागते.

आता मधल्या टप्प्याकडे, म्हणजे कुंडलिकेच्या विशेषाकडे वळणे आवश्यक आहे. कोकणातील नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. सह्याद्रीच्या कड्यावरून खाली येऊन त्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात, पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी कातळ उघडा पडतो. या नियमाप्रमाणे एप्रिल-मे महिन्यांत कुंडलिकेत राफ्ट चालणे अशक्य ठरावे. ती चालते, याचे कारण घाटाच्या पलीकडे आहे. पुणे जिल्ह्यातील मुळा नदीवर मुळशी येथे टाटांनी धरण बांधले आणि जे पाणी भीमा व कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे गेले असते ते बोगद्यांतून व नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर आणले. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. जनित्रे फिरवून झाल्यावर सुटणारे पाणी, ज्याला अवजल म्हणतात, ते भिऱ्याच्या छोट्या धरणात साठते. तेथे राज्याच्या ८० मेगावॉट क्षमतेच्या वीजघरातून ते पुन्हा एकदा विजेसाठी वापरले जाते आणि मग रावळजेच्या बाजूने कुंडलिकेत येते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांनी शेतीला दिले जाते.

हा केवळ एका नदीचा योगायोग नाही. खोपोलीचे वीजघर १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. पहिल्याचे अवजल पाताळगंगेला, दुसऱ्याचे उल्हासला मिळते. दक्षिणेकडे कोयनेचे पाणी पोफळीहून वाशिष्ठीत उतरते. उत्तर व मध्य कोकणातील चार महत्त्वाच्या नद्या अशा रीतीने घाटावरच्या पाण्यावर पोसल्या जातात, आणि कर्जतच्या किंवा कोलाडच्या काठावर उन्हाळ्यात जो गार प्रवाह दिसतो तो मुळात पूर्वेकडे जाणाऱ्या नद्यांचा आहे.

या पाण्याला इतिहास आहे आणि तो सुखाचा नाही. मुळशी धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभला; पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती हे नाव याच लढ्याने दिले, आणि त्यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटे यांनी तो नेला. लढा १९२४ पर्यंत चालून मोडला, गावे बुडाली, आणि मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज मिळाली. धरणविस्थापितांचा प्रश्न भारतात इतक्या ठामपणे मांडणाऱ्या आरंभीच्या आंदोलनांत त्याची गणना होते. राफ्टमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून घ्यावे, असा ग्रंथाचा आग्रह आहे. सुट्टीचा आनंद त्याने कमी होत नाही, पण पाण्याकडे पाहण्याची नजर बदलते. शिवाय हा प्रश्न मिटलेला नाही. मुळशीचे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यातील दुष्काळी भागाकडे वळवावे ही मागणी अलीकडच्या काळात जोर धरत आहे. ती मान्य झाली तर कोलाडच्या राफ्टिंगचा पायाच बदलेल.

राफ्टिंगची रीत या यंत्रणेवरच बसवलेली आहे. पाणी सहसा सकाळी सोडले जाते, म्हणून राफ्ट सकाळीच पाण्यात पडतात आणि उशिरा पोहोचणाऱ्याला नदी थांबत नाही. पाणी सुटण्यापूर्वी रावळजेच्या काठावर उभे राहिले तर पात्रातील धोंडे उघडे दिसतात आणि त्यांच्यावर आडवी ओली रेघ असते. त्या रेघेखाली शेवाळ, वर कोरडा काळा कातळ. रोजचे पाणी कोठवर चढते हे ती रेघ सांगते, आणि मधल्या टप्प्यात पोहायला उतरू पाहणाऱ्याने प्रथम तीच शोधावी. काही वेळातच पाणी तेथवर येते, तेही पाऊस नसताना, आभाळ निरभ्र असताना. मुलांना गुडघाभर पाण्यात खेळायला सोडून काठावर स्वयंपाक मांडणाऱ्या कुटुंबाला ही गोष्ट माहीत नसेल, तर तेवढे अज्ञान जिवावर बेतू शकते.

खळाळांची अवघडता मोजण्यासाठी सहा श्रेणींचे आंतरराष्ट्रीय माप वापरतात. पहिली श्रेणी संथ लाटांची, सहावी जवळजवळ अशक्य. कुंडलिकेचा सुमारे बारा किलोमीटरांचा राफ्टिंगचा पट्टा सामान्यतः दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडतो, म्हणजे लाटा उंच असतात पण वाट स्पष्ट असते आणि नवशिक्यांना जाणत्या गाईडबरोबर जाता येते. नियम थोडे आहेत, मात्र ते पाठ असावे लागतात: लाइफ जॅकेटचे पट्टे अंगाला आवळून बांधलेले असावेत, हेल्मेट डोक्यावरच असावे, पाण्यात पडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न न करता पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत. उभे राहणाऱ्याचा पाय दोन धोंड्यांत अडकतो आणि प्रवाह त्याला पुढे ढकलून पालथा पाडतो. गुडघ्याएवढ्या पाण्यातही माणूस असा बुडतो. खळाळ संपल्यावर संथ पाण्यात गाईड लोकांना उतरू देतात. पोहण्याची हौस असणाऱ्यांसाठी कुंडलिकेवर याहून सुरक्षित जागा नाही, कारण तेथे अंगावर जॅकेट असते, जवळ राफ्ट असते आणि पाणी केव्हा सुटले हे ठाऊक असते.

शेजारच्या नद्यांशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. कर्नाटकातील काळी नदीवर गणेशगुडी-दांडेली भागात सुपा धरणाच्या पाण्यावर असेच राफ्टिंग चालते. गोव्यात सत्तरी तालुक्यातील म्हादईवर मात्र ते केवळ पावसाळ्यात शक्य होते, कारण तेथील पाणी थेट आभाळाचे आहे. दक्षिणेकडच्या सावित्रीवर महाडजवळ मगरी आहेत. तेथे पोहण्याचा विचारच करू नये.

वरचा टप्पा पर्यटकांना सर्वाधिक ओढतो आणि सर्वाधिक बळीही तोच घेतो. ताम्हिणी घाटात २५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढे पाणी उघड्या कातळावर पडले की ते जमिनीत मुरत नाही, ओढ्यांना मिळते, आणि घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खालच्या कुंडावर थेंबही न पडता येऊन थडकतो. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात पालापाचोळा व काटक्या दिसू लागणे, धबधब्याचा आवाज जड होणे, या खुणा दिसताच कुंड सोडून उंचावर जाणे हाच उपाय असतो. सामान आवरण्याइतका वेळ मिळेलच असे नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा पाणी वाढण्यास लागलेला वेळ फार थोडा होता.

धबधब्याच्या कुंडाविषयी आणखी एक गैरसमज दूर करावा लागतो. पट्टीचा पोहणारा कुंडात बुडणार नाही, असे मानले जाते. पडणाऱ्या पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे असतात. अशा फेसाळ पाण्याची घनता कमी असल्याने ते माणसाला तोलून धरत नाही आणि हातपाय मारले तरी जोर लागत नाही. त्यातच तळाशी गेलेले पाणी उसळून पुन्हा धारेकडे वळते आणि सापडलेल्याला परत परत आत ओढते. बंधाऱ्याखालच्या पाण्याचा प्रकारही हाच असून तो दिसायला अधिक साधा, म्हणून अधिक फसवा असतो. तळही दर पावसाळ्यात बदलतो: गेल्या वर्षी जेथे उडी मारली तेथे यंदा धोंडा येऊन बसलेला असू शकतो.

माणगाव तालुक्यात भिऱ्याजवळचे देवकुंड हे कुंडलिकेचे उगमस्थान मानले जाते. तेथे आणि अशा अन्य ठिकाणी पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. सरसकट बंदीने स्थानिक वाटाड्यांचा आणि घरगुती खाणावळींचा हंगाम बुडतो, ही तक्रार खरी आहे. तरीही गेल्या काही वर्षांतील दुर्घटना पाहता भर पावसातील बंदीचे समर्थन करावेच लागते. पाऊस सरल्यावर वाटाडे सक्तीचे ठेवून वाट खुली करणे हाच न्याय्य मार्ग दिसतो.

खालच्या टप्प्याची ओळख थोडक्यात करता येते. भरती-सुकतीचे गणित कोळी बांधव तिथीवरून करतात: तिथीला तीनने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, म्हणजे पंचमीला पावणेचार आणि अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास; किनाऱ्यावरची ही भरती खाडीतून वर रोह्यापर्यंत पोहोचायला आणखी वेळ घेते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराचे पाणी. होडीतून कांदळवने, पक्षी आणि शेवटी मुखाशी समोरासमोर उभे असलेले रेवदंडा व कोर्लई हे पोर्तुगीजकालीन किल्ले पाहायचे असतील तर हे गणित हवे. पोहण्याची शिफारस मात्र हा ग्रंथ या टप्प्यात करत नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचा खालचा भाग आहे. ज्या काठाने व्यापार पाहिला त्या काठावरून आज पाण्यात उतरता येत नाही, ही या नदीची सर्वांत दुखरी बाब आहे, आणि काठाच्या सुशोभीकरणाने ती भरून निघणारी नाही.

हा विषय आज महत्त्वाचा का, याचे उत्तर वर आलेच आहे. त्यात एवढेच जोडायचे की मुंबई व पुणे येथून कोलाड काही तासांवर आहे, शनिवार-रविवारची गर्दी वाढती आहे, आणि घाटातील अतिवृष्टीच्या घटना आता अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून व्यावसायिकांना नोंदणी सक्तीची केली. राफ्टसाठी पैसे भरण्यापूर्वी ही नोंदणी, गाईडचे प्रशिक्षण आणि बचावाची दोरी व सोबतची कयाक यांची चौकशी करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तो बजावला गेला तरच धोरण कागदावरून काठावर उतरेल.

ग्रंथाची मांडणी स्थळसूचीची नाही. प्रत्येक टप्प्याचे पाणी कसे चालते हे आधी, आणि तेथे काय करता येईल हे नंतर, असा क्रम ठेवला आहे. कोठे जावे याइतकीच जागा कधी जाऊ नये याला दिली आहे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाच्या दैनंदिन पूर-अहवालात डोलवहाळ येथील कुंडलिकेची पातळी छापून येते आणि तेथील धोक्याची पातळी २३.९५ मीटर आहे. हा आकडा आणि त्याचा अर्थ ठाऊक असलेला वाचक घडावा, एवढी या ग्रंथाची अपेक्षा आहे. गाईड, वाटाडे, कोळी आणि डोहाकाठचे वडीलधारे यांच्याकडील माहितीला येथे छापील माहितीच्या बरोबरीचे स्थान दिले आहे, आणि दोहोंत विसंगती दिसेल तेथे वाचकाने काठावरच्या माणसाचे ऐकावे.

देवकुंडाची पावसाळी वाट या ग्रंथात मुद्दाम दिलेली नाही. ती हवी असणाऱ्या वाचकाने पाऊस सरून पाणी निवळेपर्यंत थांबावे, आणि तेव्हाही गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा.